पेपरात नसलेली शेवंताबाई

"पेनं खाली ठेवा," सर म्हणाले. "हा पेपर रद्द झाला."

हॉलमध्ये साठेक बायका होत्या. एकीनंही पेन खाली ठेवलं नाही. सर मोठ्यानं बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत, त्यामुळे मागच्या बायकांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी तेवढ्याच आवाजात पुन्हा सांगितलं आणि पुढच्या बाकापासून एकेक पेपर स्वतः उचलायला लागले. माणगावहून आलेली एक बाई तान्हं पोर बाहेर आईच्या मांडीवर ठेवून परीक्षेला बसली होती. ती म्हणाली, "सर, माझे दोनच प्रश्न राहिलेत हो." सरांनी तिचाही उचलला. तिसऱ्या बाकावर माझी सून होती, फुलमनी. तिनं पेपर आपणहून पुढं केला. सरांनी तो घेतला, त्यावर नजर टाकली आणि पुढं गेले.

मी दारात पाण्याचं पिंप घेऊन बसले होते. बायकांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. पेपरांचा गठ्ठा घेऊन सर माझ्यासमोरून गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एरवी ते बघायचे आणि मान हलवायचे. त्यांना कळलंय, हे मला तिथंच कळलं.

फळ्यापाशी उभं राहून ते म्हणाले, "चूक तुमची नाही. पेपर माझ्या खोलीतून बाहेर गेला. आज तुमची मराठी मोजली गेली नाही. ती पुन्हा मोजू. आता जेवून घ्या, मग जा."

एका बाईनं रडायला सुरुवात केली, तशा चार रडल्या. मी पाणी देत सुटले. दुसरं काय करणार? पेपर मी फोडला होता.

*

सर माझ्या घरी बाहेरच्या खोलीत राहायचे. श्रीवर्धनला आमची सुपारीची लहानशी वाडी आहे, तिच्या तोंडाशी घर. नवरा गेल्यावर मी ती खोली लोकांना द्यायला लागले. समुद्र बघायला येणारे दोन दिवस राहतात आणि बाटल्या टाकून जातात. हा माणूस एक पत्र्याची पेटी आणि दोन घड्याळं घेऊन आला आणि राहिला. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "वहिनी, इथं सकाळी अकरा वाजता कसला आवाज असतो?"

मी म्हटलं, "कसला असायचाय? माझा."

ते हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांनी जन्मभर भाषेच्या परीक्षा काढायचंच काम केलं होतं. कोणी मास्तर म्हटलं की म्हणायचे, "मी शिकवत नाही, मी मोजतो." वाण्याकडे जसा तराजू असतो तसं त्यांचं डोकं होतं, आणि वाण्यासारखा अंगठा त्यात कधी लागला नाही. निवृत्त झाल्यावर माणगावच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं. ही संस्था बायकांना दवाखान्यात मदतनीस म्हणून तयार करते. आमच्याकडे आता बायका सगळीकडच्या आहेत. कोणी तेलुगू, कोणी बिहारची, कोणी कातकरी वाडीवरची, कोणी इथलीच पण शाळा सोडून वीस वर्षं झालेली. दवाखान्यात चिठ्ठी वाचता यायला हवी, डॉक्टरांचं बोलणं कळायला हवं, आजाऱ्याशी बोलता यायला हवं. म्हणून शेवटी मराठीची परीक्षा. पास झाली तर काम, नाही तर घरी.

मी चौथी शिकले. त्यांना तेच हवं होतं.

एका दुपारी त्यांनी एक कागद माझ्यापुढं पालथा ठेवला. "वहिनी, उतारा वाचू नका. नुसता प्रश्न ऐका. तापलेल्या मुलाच्या कपाळावर काय ठेवायला सांगितलंय?"

"ओल्या फडक्याची घडी. ह्यात विचारायचं काय?"

ते इतके खूश झाले की मला वाटलं, मी पहिली आले. त्यांनी लाल पेन घेतलं आणि प्रश्नावर काट मारली.

"का हो? चुकलं?"

"बरोबर आलं म्हणूनच. न वाचता उत्तर येत असेल, तर बाईला वाचता येतं की नाही हे मला कसं कळणार?"

मला राग आला. जन्मात कधी नाही ते माझं बरोबर आलं, तर ते खोडायचं? पण नंतर मला त्याचा नाद लागला. ते कागद पालथा ठेवायचे, मी उत्तर ठोकून द्यायचे आणि ते काट मारायचे. त्यांचे निम्मे प्रश्न मी असे मारले.

एकदा त्यांनी उतारा वाचायलाच दिला. त्यात एक बाई सरकत्या जिन्यावरून वर जाते, कार्ड लावते, मग दार आपोआप उघडतं, असं काहीतरी होतं. मी तीनदा वाचला. शब्द सगळे वाचता आले, बाई काय करतेय ते कळेना. मी विचारलं, "ही चोर हाय का?" त्यांनी तो उताराही फाडला. "हा शहर बघितलेल्यांचा पेपर झाला," म्हणाले. "मराठीचा नाही झाला."

जेवणाचंही तसंच. माझ्या कालवणाला लोक नावाजतात. सरांनी पहिल्या दिवशी बोंबलाचं कालवण खाल्लं आणि काही बोलले नाहीत. मी वाट बघितली. आठ दिवसांनी परत बोंबील केले, तेव्हा खाऊन झाल्यावर म्हणाले, "चांगलं आहे." मी म्हटलं, "आठ दिवस लागलं व्हय कळायला?" तर म्हणाले, "पहिल्या दिवशी मला भूक होती. भुकेलेल्याचं मत धरू नये. दोन्ही वेळा सारखंच वाटलं, म्हणून सांगितलं." असा माणूस घरात नवरा म्हणून असता तर मी त्याला वाडीत हाकलला असता. भाडेकरू म्हणून चालून गेला.

पेपर तपासायचे तेही असेच. दहा तपासले की उठून समुद्रावर जायचे, परत येऊन पुढचे दहा. म्हणायचे, पहिला पेपर तपासताना माणूस दयाळू असतो आणि चाळिसावा तपासताना चिडलेला, मग चाळिसाव्या बाईनं काय पाप केलं? आठवड्यानं तेच पेपर उलट्या क्रमानं परत तपासायचे, पहिले मार्क झाकून. दोन्ही वेळचे मार्क जुळले नाहीत तर स्वतःवर रागवायचे, त्या दिवशी चहा घ्यायचे नाहीत. पेपरावरची नावं झाकायला कागदाच्या पट्ट्या लागायच्या. त्या चिकटवायला मैद्याची खळ मी करून द्यायचे. मी म्हटलं, गोंद आणा बाजारातून. म्हणाले, गोंदाची पट्टी ओली करून उघडता येते, तुमच्या खळीची फाटतेच. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी एवढी पावती कधी दिली नाही.

ऐकण्याच्या परीक्षेआधी तर ते वेडेच व्हायचे. ध्वनिफीत वाजवायची आणि बायकांनी ऐकून उत्तरं लिहायची. आदल्या दिवशी सर आमच्या गावातल्या परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसायचे आणि शिपायाला यंत्र लावायला सांगायचे. पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावर काही ऐकू येईना. रस्त्यापलीकडे बर्फाचा कारखाना आहे, अकराच्या सुमाराला तिथं लाद्या फोडायला घेतात. संस्थेचा माणूस म्हणाला, "सर, थोडंफार चालतंच." सर म्हणाले, "पुढच्या बाकावरची बाई पास आणि मागच्या बाकावरची नापास, हे कसं चालतं ते मला समजवा." परीक्षा नऊला झाली. माणगावकडच्या बायकांना पहाटेची एसटी धरावी लागली, त्यांनी सरांना शिव्या घातल्या. सर म्हणाले, शिव्या सगळ्यांनी सारख्या घातल्या ना, मग हरकत नाही.

*

आता माझ्या सुनेचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा मुलगा रोह्याला कंपनीत होता. तिथं झारखंडचे लोक बांधकामाला आले होते, त्यातली ही. लग्न केलं आणि घेऊन आला. मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही. तिला मराठी येत नव्हती आणि मला बोलायचं नव्हतं, जमून गेलं. मग नात झाली, तनू. बाळंतपणात बोलावंच लागलं. ती जी काय मराठी शिकली ती माझ्याकडून, म्हणजे चुलीपुढची आणि वाडीतली. तनू चार वर्षांची असताना मुलगा हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याबद्दल मला सांगायचं नाही.

पुढच्या वर्षी फुलमनी, आमची फुला, संस्थेच्या क्लासला जायला लागली, आणि तिचा भाऊ आला. चांगला मुलगा होता, माझ्या पाया पडला. पण ओटीवर बसून तिला म्हणाला, "दीदी, यहाँ अब क्या रखा है? चलो घर."

मी आतून ऐकत होते. फुला म्हणाली, "परीक्षा होने दो, भैया."

"और पास नहीं हुई तो?"

"तो चलूँगी."

तिनं हे साधं बोलल्यासारखं सांगितलं. मी सुपारी सोलत होते, सोलत राहिले. ती गेली असती तर तनूही गेली असती. झारखंड कुठं आलं ते मला माहीत नव्हतं. मी सरांना विचारलं, किती लांब? ते म्हणाले, गाडीनं दीड दिवस. मी म्हटलं, बरं.

त्याच महिन्यात सरांनी नवा पेपर काढायला घेतला. फुला त्याच परीक्षेला बसणार होती, म्हणून ते पेपर पेटीत ठेवायचे आणि पेटीची चावी जानव्याला बांधायचे. फुला घरात असली की एक ओळ काढायचे नाहीत. ती क्लासला गेली की मला हाक मारायचे. माझ्यावर प्रश्न तपासायचे, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी तिची सासू आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. एवढा हुशार माणूस. पेटीला कुलूप लावलं आणि माझं तोंड उघडं ठेवलं.

एक प्रश्न चिठ्ठीचा होता. दवाखान्यातली चिठ्ठी, त्यात लिहिलेलं की गोळ्या संपल्यावर पाचव्या खोलीत शेवंताबाईंकडे चिठ्ठी द्यावी. प्रश्न असा की चिठ्ठी कोणाकडे द्यायची?

मी वाचलं आणि हसत सुटले. "शेवंताकडे? तिच्याकडे दिली तर ती चुलीत घालील."

शेवंता आमच्या पलीकडे राहते. सरांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा हसले. "तिला गोळ्यातलं काय कळतंय? स्वतःच्या बकरीला ओवा देते ती."

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्हाला नाव वाचलं की बाई दिसते. म्हणजे तुम्ही चिठ्ठी वाचत नाही, शेवंताबाईंना बघताय." आणि त्यांनी काहीतरी खरडलं. काय खरडलं ते मी विचारलं नाही. ते नेहमीच काहीतरी खरडायचे.

त्या संध्याकाळी मी फुलाला तीन प्रश्न सांगितले. चुकून नाही, ठरवून सांगितले. मात्र पेपरातले आहेत असं तिला म्हटलं नाही. म्हटलं, "सर मला असलं विचारत बसतात, तू पण उत्तरं देऊन बघ." चिठ्ठी कोणाकडे द्यायची? शेवंताबाईंकडे. ती माझ्यासारखीच हसली. दुसऱ्या दिवशी तिनं क्लासमधल्या मैत्रिणींना ती गंमत सांगितली. ती तशीच आहे, घरात दोन आंबे असले तर एक देऊन येईल.

*

परीक्षेच्या दिवशी सर बाकांमधून फिरत होते. फिरता फिरता एका बाईच्या पेपरावर त्यांना शेवंताबाई दिसली. मग पलीकडच्या पेपरावर. मग आणखी एका. सरांनी नाव केव्हाच बदललं होतं, छापलेल्या चिठ्ठीत कमलताई होती. शेवंताबाई पूर्ण पेपरात कुठं नव्हती. अकरा बायकांनी तिचं नाव लिहिलं. त्यात माझी सून.

घाबरलेलं माणूस समोरचं वाचत नाही, घोकलेलं लिहितं. हे सर मला पूर्वी सांगायचे. मी कशाला लक्ष देते?

संध्याकाळी सर घरी आले. मी ओटीवरच बसले होते. म्हटलं, एकदाचं बोलून टाकतील.

ते बाजूला बसले. "किती प्रश्न सांगितलेत?"

"तीन."

"तिला माहीत होतं, पेपरातले आहेत म्हणून?"

"न्हाय. तिला मी फसवलं."

"बरं," म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, पेपर तुमच्यावर तपासायला नको होता. ही माझी चूक."

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "माझी चूक माझ्याकडं राहू द्या. तुम्ही कशाला घेताय? शिव्या घाला मला."

"शिव्या घालून काय मोजता येईल?" ते म्हणाले आणि खोलीत गेले. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला पत्र पाठवलं. पत्र टपालात टाकायला घेऊन जाताना मला सांगून गेले, "मी पेपर काढणं सोडतोय."

ज्याला पेपर काढण्याशिवाय दुसरं काहीच येत नाही, त्यानं ते सोडायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. दोन दिवस ते खुर्चीत बसून होते. दोन्ही घड्याळांना चावी दिली नाही. तिसऱ्या दिवशी मी माणगावची एसटी धरली.

संस्थेच्या मोठ्या बाई टेबलामागं बसल्या होत्या. म्हणाल्या, "या आजी, बसा."

"बसायला न्हाय आले. पेपर मी फोडला. सरांनी न्हाय."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेवंतासकट. त्यांनी यादी काढली. "म्हणजे फुलमनी तुमची सून. आजी, आमचा नियम माहीत आहे? फुटलेल्या पेपराचा जिला फायदा झाला, तिला वर्षभर परीक्षेला बसता येत नाही."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गेले असते का, ते आजही सांगता येणार नाही. मी समोरच्या खुर्चीत बसले. एक वर्ष. भाऊ वर्षभर थोडाच थांबणार होता?

मी म्हटलं, "बाई, फायदा कुठं झाला? तिनं तर चुकीचं लिहिलं."

त्यांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. "किती शिकलात, आजी?"

"चौथी."

त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. मला इकडून ऐकू येत नव्हतं, पण सर बराच वेळ बोलत होते, आणि ते बराच वेळ कधी बोलत नसत. बाई मधे मधे म्हणत होत्या, "पण नियम आहे, सर." मग "बरं" म्हणाल्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "सर म्हणतात, मला भाषा मोजता येते, चोरी मोजता येत नाही. कोणाचीच मराठी मोजली गेली नाही, तेव्हा सगळ्यांची पुन्हा मोजा. आणि पेपर मीच काढीन म्हणतात, पण तुमच्या घरी राहून नाही."

"मग कुठं राहणार?"

"ते त्यांना विचारा. खरं तर विचारू नका. परीक्षा होईपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्यांची अट आहे. तुमच्या सुनेनंसुद्धा नाही."

*

घरी येऊन फुलाला मी सगळं सांगितलं. तनू झोपाळ्यावर होती, तिला बाहेर पाठवलं. फुलानं ऐकून घेतलं आणि उठून भांडी घासायला बसली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तांदूळ निवडताना म्हणाली, "आई, तुम्हाला वाटलं, मला जमणार न्हाय?"

मी खोटं बोलत नाही. "वाटलं."

तिनं सूप खाली ठेवलं.

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला जमलं न्हाय तर तू जाशील. तनूला घेऊन जाशील. म्हणून सांगितलं."

"मग तसं बोलायचं ना," ती म्हणाली. "प्रश्न कशाला सांगायचे?"

मी तांदळातले खडे काढत बसले. तीही बसली.

सर गावातल्या धर्मशाळेत जाऊन राहिले. तिथं जेवणाची सोय नव्हती. मी डबा न्यायला लागले. फुलाच्या हाती पाठवता येत नव्हता, ती परीक्षेला बसणार. मी नेला की सर खिडकीतून बघायचे आणि हातानं कठड्याकडे बोट दाखवायचे. मी डबा कठड्यावर ठेवायचा आणि मागं फिरायचं, मी वळल्याशिवाय ते दार उघडायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "आज कोळंबी हाय," तर खिडकी लावून घेतली. दीड महिना हे चाललं. संध्याकाळी डबा कठड्यावर घासून पालथा ठेवलेला असायचा. येणारे जाणारे बघायचे. लोक काय म्हणतात ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आणि प्रश्न तपासायला त्यांनी दुसरी बाई धरली. बाजारात कोळंबी विकणारी, तिसरी शिकलेली. मला हे शेवंतानंच सांगितलं, तोंड भरून. मी म्हटलं, असू दे की. पण त्या दिवशी मी डब्यात मीठ कमी टाकलं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या परीक्षेला मला हॉलच्या आवारात यायची बंदी होती. पाणी द्यायला शिपाई होता. मी वाडीत बसून होते, तनू बाजूला. पहिल्या खेपेच्या नऊ बायका परत आल्याच नाहीत. तान्ह्या पोराची माणगावची बाई त्यांत होती. नवऱ्याच्या कामासाठी ती गुजरातकडे गेली, असं कोणीतरी सांगितलं. तिचे दोन प्रश्न राहिले होते. ते माझ्यामुळे राहिले, त्यात कोणाचा वाटा नाही.

बोलण्याची परीक्षा दुपारी झाली. समोर एक बाई म्हातारी आजारी बनून बसते आणि सुई टोचून घ्यायला नकार देते, तिची समजूत काढायची. दोन परीक्षक बाजूला बसून मार्क देतात, एकमेकांचे न बघता. फुला म्हणाली, "गप बघू आजी. मी हाय ना इथं. सुईकडं बघू नको, माझ्या तोंडाकडं बघ." एका परीक्षकानं तिला भरपूर मार्क दिले. दुसऱ्यानं फार कमी दिले, बोलणं गावंढळ आहे म्हणून. एवढा फरक पडला की तिसऱ्यानं ध्वनिफीत ऐकून ठरवायचं. संस्थेनं सरांना ऐकायला सांगितलं. सर म्हणाले, मी हा आवाज पाच वर्षं घरात ऐकलाय, मी ऐकणार नाही. ते उठून आवाराबाहेर गेले आणि रस्त्यावर उभे राहिले. उन्हात, छत्री न घेता. तिसऱ्या कोणीतरी ऐकलं. हे सगळं मला नंतर शिपायानं सांगितलं, सरांनी कधी सांगितलं नाही.

फुला पास झाली. वर नाही, खाली नाही, मधे कुठंतरी. निकाल हाती आल्यावर तिनं भावाला फोन केला, "भैया, अभी मत आना." मग फोन माझ्या हातात दिला. मला त्याची भाषा येत नाही, मी नुसतं "हां, हां" म्हटलं. तो रडत होता की हसत होता ते कळलं नाही.

सर पेटी घेऊन परत बाहेरच्या खोलीत आले. मी दारात उभी होते. म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात मीठ कमी पडत होतं, वहिनी." मी म्हटलं, "एकदाच पडलं." "दोनदा," ते म्हणाले. "मी दोन्ही वेळा लिहून ठेवलंय." माझ्यावर त्यांनी पुन्हा एकही प्रश्न तपासला नाही. मला वाटायचं, विचारतील. नाही विचारलं, आणि ते बरोबरच होतं.

पुढं दोन वर्षं राहिले. मग छातीचा त्रास सुरू झाला, म्हणून पुतण्यानं त्यांना देशावर नेलं. तिथंच गेले. आम्हाला आठ दिवसांनी कळलं. फुलानं दवाखान्यातून रजा काढली, दिवसभर घरी बसली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

त्याला आता तीन वर्षं झाली. फुला त्याच दवाखान्यात आहे, आज तिची सकाळपाळी. तनू शाळेत गेलीय. घरी मी आहे.